पोकर : तीन वर्षं वाचतोय, बघतोय, पण खेळ तिथल्या तिथेच. अभ्यास नेमका कसा करायचा?

झब्बूवाला

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, जुगार चांगला की वाईट यावर हा धागा नाही. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे दोन-दोनशे प्रतिसाद पडलेत.

आमचा सात जणांचा अड्डा आहे. दर शनिवारी रात्री नऊपासून दोनपर्यंत, पाषाणला एका मित्राच्या फ्लॅटवर. टेक्सास होल्डेम (प्रत्येकाची दोन पानं, बोर्डावर सगळ्यांची पाच), ब्लाइंड ५-१० (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, मोठी ती बिग ब्लाइंड), बसताना प्रत्येकापुढे १००० च्या चिप्स. पैसे नाहीत. महिनाअखेर वहीत जो सगळ्यात खाली, त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. गेल्या दहा महिन्यांत सात वेळा मिसळ माझ्याकडून झालीय. हॉटेलवाला आता मला नावाने ओळखतो.

ऑनलाइन छोट्या टेबलांवर थोडा सराव व्हायचा, तो ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आल्यापासून बंद. आता फुकट चिप्सवाल्या ॲपवर खेळतो, पण तिथे लोक दुर्री-सत्ती घेऊन ऑल-इन जातात (सगळ्या चिप्स लावतात) आणि हरले की परत चिप्स मागतात. त्याला सराव म्हणायचं का? गोव्याला मांडवीतल्या बोटीवर दोनदा गेलो, दोन्ही वेळा ठरवलेली रक्कम रात्री अकराच्या आत संपवून डेकवर वारा खात बसलो.

असं नाही की मेहनत करत नाही. व्हिडिओ इतके बघितलेत की बायको विचारते, परीक्षा कधी आहे? रेंज, सी-बेट, जीटीओ, सगळे शब्द येतात. टेबलावर बसलो की मात्र डोकं कोरं.

नमुना म्हणून गेल्या शनिवारचा हात. मी बटणावर (बोर्ड उघडल्यावर शेवटी बोलायची जागा), बदाम एक्का आणि किलवर गुलाम. ४० केले. बाकी सगळे गेले, बिग ब्लाइंडवरून काकांनी कॉल केला (तेवढेच घातले). (मित्राचे काका. निवृत्त सी.ए. रात्रभरात चार हात खेळतात, बाकी वेळ शेंगदाणे.) पॉट (मधली एकूण रक्कम) ८५. फ्लॉप (बोर्डावरची पहिली तीन पानं) इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी, चौकट चव्वी. काका चेक (काही न लावता पुढे), मी ५०, काका कॉल. टर्न (चौथं पान) किलवर दुर्री. काका चेक, मी १२०, काका कॉल. पॉट ४२५. रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) बदाम राजा. आणि काकांनी शेंगदाण्याची वाटी बाजूला सरकवून सरळ ४२५ पुढे केले. मी दोन मिनिटं विचार केला, इस्पिकचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) हुकला असणार असं वाटलं, बघून तरी घेऊ म्हटलं आणि कॉल. काकांनी दोन चव्व्या ठेवल्या. बोर्डावरची धरून तीन.

तर प्रश्न असे. हे माझं नशीब की चूक? अभ्यास करायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं? आणि सॉल्व्हर (प्रत्येक हातातली आदर्श चाल काढून देणारा प्रोग्रॅम) विकत घ्यावा का?

पारावरचा

धर्मराजालाही वाटत होतं की आपल्याला खेळता येतं. मिसळीवर भागतंय तोवर भागवा. आमच्या नात्यातल्या एकाने त्याच ऑनलाइन टेबलांवर घराचे हप्ते घालवले, त्यालाही सगळे शब्द येत होते.

इस्पिकची राणी

पारावरचा, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण धागाकर्त्याने विचारलंय ते वेगळं आहे, त्यामुळे मी त्याचंच उत्तर देते.

माझी ओळख : मूळची मिरजेची, एकोणीस वर्षं सॅन होजेला, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या एका कार्डरूममध्ये १-३ डॉलरच्या टेबलावर बसते. ३०० घेऊन जाते, ते गेले तर घरी. पहिली दोन वर्षं सरळ हरत होते. वर जागेचं भाडं वेगळं, इथे प्रत्येक हाताला पॉटमधून काही डॉलर टेबलवाले काढून घेतात, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही थोडं जिंकावं लागतं.

झब्बूवाला, तुम्ही एवढा तपशील नीट दिलात, म्हणजे तुमचं डोकं कोरं वगैरे काही नाही. पण मध्येच एक वाक्य लिहून गेलात, "बघून तरी घेऊ म्हटलं". माझंही पहिल्या दोन वर्षांतलं सगळं नुकसान त्याच एका वाक्यात होतं. आपण पैसे कुतूहलावर खर्च करतो आणि हिशेबात त्याला कॉल म्हणतो.

आता तो हात उघडून बसू. कागद घ्या.

४२५ चा पॉट, काकांचे ४२५. तुम्हाला ४२५ घालून ८५० मिळवायचेत. म्हणजे तीन वेळांतून एकदा जिंकलात तरी बरोबरी. एवढं तुम्हाला येतच असणार. पुढचं काम लोक करत नाहीत, ते म्हणजे पानं मोजणं. काकांकडे तुम्हाला हरवणारं काय-काय असू शकतं? अठ्ठ्यांची जोडी : एक बोर्डावर, उरल्या तीन, त्यातून दोन निवडायचे प्रकार ३. चव्व्यांची जोडी : तसेच ३. राजा-गुलाम : राजे उरले तीन, गुलाम उरले दोन (एक बोर्डावर, एक तुमच्या हातात), ६ प्रकार. एकाच रंगाचे गुलाम-अठ्ठी : बदाम आणि चौकट, २. गुलामांची जोडी असती तर काकांनी आधीच रेझ केलं (बेट वाढवली) असती. दुर्र्यांची जोडी फ्लॉपलाच फेकली असती. बेरीज १४.

चौदाला पुरे पडायला थापा (पान नसताना लावलेल्या बेटा) किती हव्यात? सात. सात भागिले एकवीस, एक तृतीयांश. आता हुकलेले इस्पिक मोजा : राणी-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, वर एक्का धरून चार-पाच. कागदावर सातापेक्षा जास्त भरतात. म्हणून तुमचं मन म्हणालं, "फ्लश हुकला असणार". गणित तुमच्या बाजूने होतं असं वाटतं ना?

इथे थांबा आणि मला सांगा, तीन वर्षांत काकांनी रिव्हरला पॉटएवढी बेट लावून नंतर कचरा दाखवलाय, असं किती वेळा झालं? मी पैज लावते की शून्य. हुकलेला फ्लश काकांच्या हातात असू शकतो, पण हुकल्यावर काका काय करतात? चेक करतात आणि शेंगदाणे खातात. हातात पान असणं वेगळं आणि त्या पानाने ४२५ पुढे करणं वेगळं. त्या सात थापा फक्त कागदावर आहेत, काकांमध्ये नाहीत. आणि वाटी बाजूला सरकवली हे तुम्ही स्वतः लिहिलंय! चार हात खेळणारा माणूस वाटी सरकवतो तेव्हा आपण पानं टाकायची आणि पाणी प्यायला उठायचं.

मिरजेला सुट्टीत आम्ही आजीबरोबर मेंढीकोट खेळायचो. कोणत्या दश्श्या पडल्या हे तिला पाठ असायचंच, ते आम्हालाही असायचं. पण कोण कुठल्या पानाला अडखळलं हे ती लक्षात ठेवायची. "तू मघाशी किलवरला हात मागे घेतलास" असं म्हणून बरोबर किलवरच उतरायची. मला पोकरचं हे अंग शिकायला आठ हजार मैल उडून यायची गरज नव्हती.

अभ्यासाचं. मी काय करते ते सांगते, तेवढंच मला माहीत आहे.

एक शंभर पानी वही. टेबलावर असताना फोनमध्ये फक्त तीन गोष्टी टिपते : पॉट किती, बेट किती, त्या क्षणी समोरच्याकडे काय आहे असं मला वाटलं. तिसरी गोष्ट पानं उघडायच्या आधी मनात पक्की करायची, हे सगळ्यात अवघड, कारण उघडल्यावर आपण सगळेच म्हणतो "मला वाटलंच होतं". शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्यातले दोन हात वहीत उतरवते आणि वर केलं तसं मोजते. दोनच. दहा हात घेतले की कंटाळा येतो आणि वही कपाटात जाते, हे अनुभवाने सांगते. जिंकलेले हातही घ्यायचे. माझ्या वहीतल्या सगळ्यात लाजिरवाण्या चुका जिंकलेल्या हातांतल्या आहेत.

दुसरं, हात निवडणं. तुम्ही लिहिलं नाही, पण सात वेळा मिसळ देणारा माणूस दर दोन हातांतला एक खेळत असणार. खरंय का? सुरुवातीच्या दोन पानांचे एकूण प्रकार १३२६, त्यातल्या जोड्या सगळ्या मिळून ७८. बाकीच्यांतले बहुतेक टाकायचे असतात. सात जणांच्या टेबलावर सगळ्या जागा धरून शंभरातले वीस-पंचवीस हात खेळलात तरी पुष्कळ. पहिल्या जागेवरून त्याहून खूप कमी, बटणावरून जास्त. हे कंटाळवाणं आहे. पण पहिले दोन महिने फक्त एवढंच केलंत तरी मिसळ दुसरा कोणीतरी देईल.

तिसरं, घरचा जोड. पत्त्यांचा साधा जोड घ्या. चहा उकळेपर्यंत स्वतःला दोन पानं, बोर्डावर तीन, आणि मोठ्याने बोलायचं : किती पानं मला तारतात? फ्लशला एक कमी असेल तर ९, दोन्हीकडून उघडी सरळी (ओळीने पाच पानं, त्यातली मधली चार हातात) असेल तर ८. पुढच्या एका पानासाठी दुप्पट करा, टक्के आले. दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर चौपट. नवाचे छत्तीस येतात, खरा आकडा पस्तीस आहे, टेबलावर तेवढं चालतं. मग पुढची पानं उघडून बघा. माझ्या जोडातल्या चौकट नव्वीचा कोपरा गॅसवर जळलाय, इतका तो ओट्यावर असतो. नवऱ्याला वाटायचं मी पत्रिका बघायला शिकतेय.

सॉल्व्हर आत्ता नको. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना एक-एक करून, मिळून १,२०,००० हातांत हरवलं, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की उत्तर मशीनमध्ये आहे. आहेही. पण सॉल्व्हर ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो असा की समोरचाही अजिबात चुकत नसेल तर मी काय करावं. तुमच्या त्या हाताबद्दल तो बहुधा म्हणेल, कधी कॉल करा, कधी टाका. त्याला काका माहीत नाहीत. सहा महिने वही भरा, मग घ्या, तेव्हा त्याला विचारायला तुमच्याकडे खरे प्रश्न असतील.

व्हिडिओ बंद करा असं नाही म्हणत. पण मध्येच थांबवून, आपलं उत्तर लिहून, मग पुढे बघा. नुसतं बघणं म्हणजे क्रिकेटची मॅच बघणं.

गणिताचा मास्तर

राणीताई, मोजणी छान, पण एक सुटलं. इस्पिक राजा-राणी आणि इस्पिक राजा-दश्शी. फ्लश हुकला तरी रिव्हरला राजाची जोडी लागली, म्हणजे ते दोन्ही आता एक्का-गुलामाला हरवतात. पॉटएवढी बेट ते लावतील का हा वेगळा प्रश्न, पण धरले तर १६, आणि थापा ८ लागतील.

झब्बूवाला, तुमच्या "नशीब की चूक" बद्दल. हा हात चूक. पण दहा महिन्यांत सात मिसळी यावरून फार काही ठरवू नका. शनिवारी पाच तास, गप्पा-शेंगदाणे धरून तासाला तीसेक हात, म्हणजे दीडशे. वर्षाला चाळीस शनिवार, ६००० हात. समजा तुम्ही चांगले खेळाडू झालात आणि दर शंभर हातांना ५ बिग ब्लाइंड कमावता. वर्षाचे ३०० झाले. आता चढउतार बघा : नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर हातांमागे प्रमाण विचलन ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. ९० धरा. ६००० हातांना ते साठाच्या वर्गमुळाने गुणायचं, म्हणजे जवळपास ७००. कमाई ३००, डोलणं ७००. चांगला खेळाडूही साधारण तीनातलं एक वर्ष तोट्यात काढतो, आणि वाईट खेळणारा वर्षभर जिंकू शकतो. म्हणून वहीत निकाल लिहून भागत नाही, निर्णय लिहावे लागतात.

इस्पिकची राणी

मास्तर, बरोबर. इस्पिक राजा माझ्या नजरेतून निसटला. वहीत दुरुस्त केलं.

बदामसात

मी ब्रिजवाला, वय ६८, पोकर आयुष्यात दोनदा खेळलोय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

डुप्लिकेट ब्रिजमध्ये आमची मोठी सोय आहे. तेच डाव दुसऱ्या टेबलांवरही खेळले जातात. तुमच्या पानांवर दुसऱ्याने काय केलं ते संध्याकाळी कळतं, त्यामुळे "पानंच आली नाहीत" असं म्हणायची सोय नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत बर्धन आणि सरकार या आपल्या जोडीने सुवर्ण मिळवलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. हा खेळ त्या वयात जिंकता येतो तो बऱ्याच अंशी डाव संपल्यावरच्या चिरफाडीमुळे. आम्ही जिमखान्यातून घरी जाताना स्कूटर चालू ठेवून अर्धा तास एकाच डावावर भांडतो.

तुमच्याकडे दुसरं टेबल नाही, पण माणसं आहेत. सातातले दोघे गाठा. शनिवारचा एक हात रविवारी त्यांना सांगा, पण शेवट सांगू नका. "काकांनी ४२५ लावले, तुम्ही काय कराल?" एवढंच. शेवट सांगितला की सगळे शहाणे होतात. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्याला चहा द्यावा लागतो.

झब्बूवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. राणीताई, तुम्ही पैज जिंकलात. दोन दिवस आठवत बसलो. काकांनी थाप मारलेली मला तरी एकदाही आठवत नाही. आणि दर दोनातला एक हात, हेही खरं. मोजलं नव्हतं, पण पुढच्या शनिवारी काड्यापेटीतल्या काड्या खिशात ठेवून मोजणार आहे.

बदामसात, एका मित्राला रविवारी फोन करून हात सांगितला, शेवट न सांगता. तो पटकन म्हणाला, "काका? टाक." मी तीन वर्षं त्या टेबलावर बसतोय आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

झब्बूवाला (तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय. पहिल्या शनिवारी काड्या मोजल्या, शंभरात ५४ निघाल्या. काल ३१ वर आणल्या. रात्री साडेबारानंतर फार जड जातं, झोप आली की प्रत्येक पान सुंदर दिसतं.

कालचा हात. माझ्याकडे राण्यांची जोडी, बोर्डावर दश्शी, सत्ती, पंजी, दुर्री आणि शेवटी इस्पिक एक्का. पॉट ३८०. काकांनी ३०० लावले. वाटी या वेळी जागेवरच होती, मी मुद्दाम बघितलं. फोनमध्ये लिहिलं, "एक्का-दश्शी किंवा तीन पंज्या", आणि राण्या टाकल्या. काकांनी पानं न दाखवता गड्डीत सारली आणि हसले. काका कधी हसत नाहीत.

आता वहीत काय लिहू?

इस्पिकची राणी

पॉट ३८०, बेट ३००, वाटी जागेवर, काका हसले. "त्यांच्याकडे काय होतं" या रकान्यात रेघ मारा. आणि पुढच्या शनिवारी दुसरा कोणी त्यांना रिव्हरला कॉल करेल तेव्हा मोबाइल बघत बसू नका.

बदामसात

शेंगदाणे खारे होते की साधे?